पोरगं म्हणजे धुऱ्याची जमीन नाही, तरीही कागद हवा

काका, नमस्कार.

तुमच्या प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर देणं बरोबर वाटलं नाही, म्हणून वेगळं लिहितेय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. घटस्फोटानंतर मुलांच्या संगोपनाचा आराखडा, म्हणजे पेरेंटिंग प्लॅन, बारकाव्यांसकट लिहून काढावा असं मी म्हटलं होतं. काकांच्या मते ही शहरी थेरं आहेत. "पोरगं म्हणजे काय धुऱ्याची (शेताच्या बांधाची) जमीन आहे, मोजून वाटायला? ज्यांचं एका छताखाली पटलं नाही, ते कागदावर काय पटवून घेणार? आमच्या वेळी चार मोठी माणसं बसायची आणि मार्ग काढायची." शेवटी त्यांनी स्वतःचं सांगितलंय. मुलाचा संसार मोडल्यापासून नातू दृष्टीला पडणं मुश्किल झालंय, आणि अशा कागदात आजी-आजोबांना जागा कुठे असते, असं ते विचारतात.

धुऱ्यावरून आपल्याकडे डोकी फुटतात ती बहुधा मोजणी झालेली नसते तिथे. एवढंच म्हणते आणि ती उपमा सोडते, कारण मूल वाटता येत नाही हे तुमचं खरंच आहे. वाटून घ्यायची असतात ती आई-बापाची कामं. रात्री ताप चढला तर डॉक्टरकडे कोण नेणार, शाळेच्या फॉर्मवर सही कोणाची, सुट्टीत गाडीत बसवणार कोण आणि उतरवून घेणार कोण.

आता चार मोठ्या माणसांचं. माझ्या घटस्फोटाच्या वेळी आमच्याकडेही ती बसली होती, नागपुरात धरमपेठेत, मामांच्या बैठकीच्या खोलीत. आंदणातल्या भांड्यांची यादी झाली. पितळी परात नेमकी कोणी दिली यावर बराच वेळ खल झाला. कपाट, पलंग, सोन्याचे तोळे, सगळं वहीत उतरलं. मुलीबद्दल एक ओळ पडली: मुलगी आईकडे राहील, वडील सोयीनुसार भेटतील. परातीला जेवढा वेळ दिला तेवढाही तिला दिला नाही. ती माणसं वाईट नव्हती हो. पोराबाळांचं काय लिहायचं, ते होऊन जातं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. सहमतीच्या घटस्फोटाच्या अर्जातही स्त्रीधनाला पानभर जागा असते आणि मुलाला ही अशी एक ओळ.

सगळी भांडणं त्या सोयीतून निघतात. मुलीचे बाबा पुण्यात नोकरीला, आम्ही दोघी नागपुरात. "उन्हाळ्याची सुट्टी अर्धी-अर्धी" हे ऐकायला किती सरळ वाटतं! पण पुण्यातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि विदर्भातल्या उन्हापायी जूनच्या शेवटाला. मग अर्धी कोणत्या शाळेची धरायची? ती जूनमध्ये पुण्याला गेली तर तिथली चुलत भावंडं दिवसभर शाळेत, बाबा ऑफिसात, आणि ही फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर. इकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, दुपारी खाली खेळायलाही सोडता येत नाही. म्हणून आमच्या कागदात लिहिलंय की निकाल लागला की त्याच आठवड्यात ती पुण्याला जाईल, मे महिना तिकडे काढेल आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात परत येईल. न्यायला बाबा येतील, आणायला मी जाईन, तिकीट ज्याच्या फेरीचं त्याने काढायचं. वाचायला कोरडं आहे, मान्य. पण हे लिहिल्यापासून एप्रिल महिना आमच्या घरात शांत जातो.

"ज्यांचं पटलं नाही ते कागदावर काय पटवणार?" हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. ज्यांचं पटतं त्यांना कागद लागतच नाही, फोन केला की काम होतं. ज्यांचं पटत नाही त्यांनी एकदाच, मध्ये तिसरं माणूस बसवून, काय ते ठरवून घ्यावं, म्हणजे दर शनिवारी नव्याने पटवून घ्यावं लागत नाही. आमचं तर अजूनही पटत नाही. मात्र आता बोलण्याचे प्रसंगच कमी आलेत, आणि मधल्या मध्ये पोरीची निरोप्याची नोकरी सुटली. "बाबांना सांग फी राहिलीय", "आईला सांग या रविवारी जमत नाही", हे निरोप नेताना लहान मुलाचा चेहरा पाहिलाय का कधी? फी आता ते थेट शाळेच्या खात्यात भरतात. प्रगतिपुस्तक दोघांनाही जातं. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल असतो. तेव्हा मी स्वयंपाकघरात असते, आणि पलीकडे काय बोलणं झालं ते विचारत नाही. हा कॉल म्हणजे मी केलेला उपकार समजू नका. यशिता साहू प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की दोन्ही पालकांची माया मिळणं हा मुलाचा मूलभूत मानवी हक्क आहे, आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्याला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे.

कागद कुठे केला यालाही महत्त्व आहे. स्टॅम्पपेपरवर नोटरी करून आणला की झालं, असं समजणारे पुष्कळ भेटतात. तसं होत नाही. आराखडा घटस्फोटाच्या हुकूमनाम्याचा, म्हणजे न्यायालयाच्या डिक्रीचा, भाग झाला पाहिजे, तरच मोडल्यावर न्यायालयात दाद मागता येते. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात, १९८४ च्या कायद्यातच ती सोय आहे. आमचा मसुदा तिथेच बसून झाला. न्यायालय तुमचा करारही डोळे झाकून मान्य करत नाही, मुलाचं हित आधी बघतं. आणि केला म्हणजे तो जन्माचा नसतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलांबाबतचे आदेश हुकूमनाम्यानंतरही बदलून घेता येतात. चार वर्षांच्या पोरीला चालणारी व्यवस्था बारा वर्षांच्या पोरीला चालत नाही. तिचे क्लास असतात, मैत्रिणी असतात, तिची स्वतःची मतं असतात. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यातसुद्धा मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची पसंती विचारात घेता येते असं म्हटलंय. इंग्रजांच्या काळात हे सुचलं होतं, आणि आपण अजूनही पोट्ट्यांना काय कळतं म्हणतो!

एका बाबतीत मात्र मी तुमच्यापेक्षाही कडक आहे. घरात मारहाण असेल, दारू असेल, मूल ज्याच्याकडे जायला थरथरत असेल, तिथे असला अर्धा-अर्धा आराखडा मुळीच करू नये. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली न्यायदंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात, आणि भेट मुलाला घातक वाटली तर नाकारूही शकतात. तिथे आधी ते. दोघांनी समजुतीने घ्या म्हणणारे नातेवाईक अशा वेळी चार हात लांब ठेवावेत.

आता आजी-आजोबा. या बाबतीत तुमची तक्रार रास्त आहे. बहुतेक कागदांत त्यांचा उल्लेख नसतो. कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने मे २०१५ मध्ये मुलांच्या ताब्याबद्दलचा २५७ वा अहवाल दिला. त्यात संयुक्त ताबा आणि पालकत्वाचा आराखडा यांच्या बरोबरीने आजी-आजोबांसोबतच्या वेळेचाही विचार केलाय. कायद्यात तसा बदल अजून झालेला नाही, पण आपल्या कागदात ते कलम घालायला कोणी अडवत नाही. आम्ही घातलं. दिवाळी एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा लाकडी बैलांचा सण, मात्र दरवर्षी नागपुरातल्या महाल भागात, तिच्या बाबांच्या आई-वडिलांकडे, बाबा पुण्याहून येवोत न येवोत. लाकडी बैल आजोबांनीच घेऊन दिलेला आहे, तो तिकडेच असतो. सकाळी त्यांच्या खांद्यावरून मारबत, म्हणजे त्या दिवशी निघणारी मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, बघायची, संध्याकाळी बैल घेऊन शेजारीपाजारी फिरायचं आणि बोजारा, म्हणजे पोरांना मिळणारी खुशाली, गोळा करायचा. सासूबाईंशी माझं आजही जेमतेम बोलणं आहे. पण त्या दिवशी पोरीला दारात सोडताना मला कोणाची परवानगी मागावी लागत नाही आणि त्यांनाही माझी मनधरणी करावी लागत नाही.

तुमच्या बाबतीत मला सुचतं ते असं. मुलाच्या हुकूमनाम्यात नेमकं काय लिहिलंय ते आधी वाचून घ्या. त्यात "सोयीनुसार" एवढंच असेल तर नातवाच्या आईशी तुम्ही स्वतः बोला, मुलामार्फत नको. एकच ठरावीक मागणी ठेवा. महिन्यातला अमुक रविवार, अमुक वेळ, आम्ही न्यायला येऊ आणि आणून सोडू. मागच्या गोष्टी काढू नका. त्या हो म्हणाल्या तर ते दोघांच्या सहीने न्यायालयात दाखल करून घ्या. नाही म्हणाल्या तर मुलाला कलम २६ खाली अर्ज करायला सांगा आणि त्या अर्जात आजी-आजोबांच्या भेटीचा वेगळा परिच्छेद मागा. वकील म्हणतील याची काही गरज नाही. तरी मागा.