समुद्रकिनारी दुसरं घर घेणाऱ्यांस नम्र सूचना

गेल्या रविवारी सकाळी शेजारच्या बंगल्याचा केअरटेकर आमच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. गावातलाच पोरगा, डोळ्यांदेखत वाढलेला. मान खाली घालून त्यानं एक कागद पुढं केला. टाइप केलेला, खाली झोकदार सही. "आमचे पाहुणे असताना अंगणात मासळी वाळवू नये, ही नम्र विनंती."

अंगण आमचं. मासळी आमची. सासूबाई पन्नास वर्षं त्याच अंगणात जवळा वाळवतायत. बंगल्याला अजून तीन पावसाळे झालेले नाहीत.

त्या 'नम्र'नं मला इतकं भरून आलं, की म्हटलं, अलिबाग तालुक्यात घर घेऊ पाहणाऱ्या तमाम सज्जनांना आपणही नम्रपणे चार गोष्टी सांगाव्यात.

सगळ्यात आधी शेतकरी व्हा. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, असं १९४८ चा कूळकायदा म्हणतो. घाबरू नका. कुठल्या तरी आजोबांच्या नावाचा सातबारा निघतोच. नसला तर 'निघवून' देणारे आहेत. एकदा शेतकरी झालात की कांद्याचे वाफे सपाट करून लॉन लावा. (अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय. लॉनला मिळायचंय.)

घराच्या नावात 'शांती' हवीच. ती अनुभवायला येताना स्पीकर मोठा आणा.

समुद्राकडे जाणारी वहिवाट दिसली की आधी भिंत घाला, मग विचारा कुणाची होती.

मीटर मोजायच्या भानगडीत पडू नका. भरतीरेषेपासून ठरावीक अंतरात बांधकामाला बंधन घालणारा सीआरझेड नावाचा नियम १९९१ पासून आहे, पण टेप ताणून मोजायची ती कोळ्याच्या पडवीपाशी. नाही म्हणायला किहीमच्या किनाऱ्यावरचा एक बंगला २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडला होता. लोक लांबून बघायला आले होते. तेवढं मनाला लावून घेऊ नका.

बोअर मात्र खोल मारा. किनाऱ्यालगत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. वरचं उपसलंत की खालचं वर चढतं आणि आमच्या विहिरी मचूळ होतात. तुमचं काय अडलंय? पूलमध्ये तसंही क्लोरीनच टाकायचंय.

आता मुख्य सूचना. घर घेतलंत ना, मग चुकूनही त्यात राहू नका.

याच किहीमला पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला होता. नर एकामागून एक घरटी विणत सुटतो. पण त्यातल्या पसंत पडलेल्या घरट्यात निदान मादी राहायला येते, पिल्लं होतात. पक्ष्यांना गुंतवणूक कळत नाही, दुसरं काय.

जूनमध्ये आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्या बाई आल्या. लातूरच्या. एक खोली आणि मोरी, एवढंच मागणं. मी म्हटलं, चला, मी दाखवते, गावात खोल्यांना काय तोटा! तीन संध्याकाळी हिंडलो. पहिल्या घरी म्हणाले, राहा खुशाल, फक्त शनिवार-रविवार सोडून. म्हणजे बाईंनी शुक्रवारी गादी गुंडाळून जायचं कुठं, बंदरावर? दुसऱ्या घरी डिसेंबरचे शेवटचे दहा दिवस आणि अख्खा मे महिना खोली रिकामी करून हवी होती. तिसऱ्या घरच्या काकांनी चहा दिला आणि सरळ हिशेब मांडला: दोन रात्रींत जेवढे सुटतात, तेवढे बाई महिनाभरात देणार आहेत का? काका खोटं बोलत नव्हते, याचाच जास्त राग आला. चौथ्या ठिकाणी एसी आहे म्हणाले, न्याहारी आहे म्हणाले, आणि बाईंना विचारलं, "किती पॅक्स?" (हॉटेलवाल्यांच्या भाषेत माणसं.) बाई बिचाऱ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

परत येताना रस्त्याच्या एका बाजूचे बंगले मोजले. एकवीस. दिवा दोनच बंगल्यांत, त्यातला एक केअरटेकरच्या खोलीतला. एकवीस बंगले, प्रत्येकी चार बेडरूम धरा, आणि चौथीच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाईला पाठ टेकायला जागा नाही! बाई आता पेणहून एसटीनं येतात. शनिवारी सकाळची शाळा असते. नेमकी त्याच दिवशी वडखळपासून तुमच्या गाड्यांच्या रांगेत एसटी अडकते. पोरं व्हरांड्यात बसून असतात. मुंबईहून गाड्या आणणारी रो-रो बोट झाली, अटल सेतू झाला, तुम्हाला इकडं यायला दोन दोन वाटा झाल्या. बाईंना पेण ते शाळा एकच वाट आहे, आणि तीही तुमच्याच गाड्यांनी भरलेली.

आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरचंही हेच. वायरमनचंही हेच. पण तुमच्या पाहुण्याच्या पायात काच गेली की रात्री एकला सिस्टर हवी, आणि एसी बंद पडला की वायरमन पाच मिनिटांत हवा. कुठून येणार ते? पेणहून?

नाही जमत आता नम्रपणा. अहो, गाव आवडलं म्हणून आलात ना? कौलं आवडली, नारळी-पोफळीच्या वाड्या आवडल्या, 'साधी माणसं' आवडली. मग त्या माणसांच्या जवळ्याचा वास का आवडत नाही? मासळी तुम्हाला ताटात चालते, अंगणात चालत नाही. वर्षातले तीनशे दिवस कुलूप लावून ठेवता, आणि उरलेल्या दिवसांत आम्ही कसं वागायचं ते कागदावर लिहून पाठवता? आणि तेही आमच्याच पोराच्या हातून! स्वतः येऊन बोलायला काय झालं होतं? फाटक दहा पावलांवर आहे.

आमच्यातले विकणारेही काही कमी नाहीत. वाडी विकून गाडी घेतली, आता त्याच गाडीत बसून पाहुण्यांची वाट बघतात. माझ्या सख्ख्या दिरानं विकलीय, म्हणून बोलतेय.

बाईंनी बदलीचा अर्ज दिलाय.

तुमच्या कागदाचं विचारत असाल तर सासूबाईंनी त्याचा पुडा केला. त्यात वाळलेला जवळा बांधून केअरटेकरच्या आईकडे पाठवला.