"तुमच्यासारख्यांनी" म्हणजे नक्की कुणी, दादा?

छोट्या शेतकऱ्यांकडून थेट माल घ्या असं मी गेल्या आठवड्यात लिहिलं, त्यावर एका दादांची लांबलचक प्रतिक्रिया आलीये. थोडक्यात अशी: "ताई, कोथरूडमध्ये एसीत बसून शेतकऱ्याचा कळवळा दाखवणं सोपंय. तुमच्यासारख्यांनी आठवडे बाजारात शंभर रुपयांची भाजी घेतली म्हणून शेती सुधारत नाही. खरा घोळ निर्यात धोरणाचा आहे, पोरांसाठी सरकारी योजना भरपूर आहेत, आणि मुद्राचा आकडा चुकलाय." खाली तिघांनी अंगठेपण दिलेत.

चूक आधी मान्य करते. मुद्रा लोन (छोट्या धंद्यांसाठीचं सरकारी योजनेतलं कर्ज) १० लाखांपर्यंत असं मी लिहिलं होतं, २०२४ च्या बजेटमध्ये ते २० लाख केलंय, तेही मुद्राच्या 'तरुण' नावाच्या गटातलं आधीचं कर्ज फेडलेल्यांनाच. पोस्टमध्ये दुरुस्त केलंय. झालं समाधान?

आता "तुमच्यासारख्यांनी". मी पुरंदरची आहे. बाबांचं दीड एकर अंजीर होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाकीची पोरं मामाकडे जायची आणि आम्ही भावंडं पहाटे बागेत, चिकाने बोटांची सालटी निघायची, खाली-वर पानं घालून पाट्या भरायच्या आणि रात्री टेम्पोत बाबांच्या शेजारी बसून दिवे घाट उतरून पुण्याचं मार्केट यार्ड. अंजीर थांबत नाही हो. आज तोडलं की उद्या विकलंच पाहिजे, आणि हे घेणाऱ्यालाही पक्कं माहीत असतं, त्यामुळे तो भाव सांगून खुशाल चहा प्यायला जातो. पट्टी (विक्रीच्या हिशोबाची पावती) हातात आली की बाबा आधी कपात वाचायचे. हमाली, तोलाई, भाडं, वर आडत, म्हणजे अडत्याचं कमिशन. तेव्हा ती शेतकऱ्याच्याच पैशातून कापायचे, खरेदीदाराकडून घ्यायची हे ठरलं २०१६ मध्ये, तोवर बाबा गेले होते. एका वर्षी विहिरीवरची मोटर जळाली आणि माझी कॉलेजची फी त्याच आठवड्यात. मोटर भरून आणली, फी मावशीने भरली. आणि तुम्ही मला कळवळ्यावर लेक्चर देताय!

तुमचे ते शंभर रुपये पण बघूया. ते रोख असतात, त्याच दिवशी हातात पडतात. बाबांच्या वीस पाट्यांतल्या आठ जरी कुणी परस्पर रोखीने उचलल्या असत्या ना, तर उरलेल्या बारा पाट्यांसाठी ते अडून बसू शकले असते. मी एवढंच लिहिलं होतं. शेती सुधारेल असं कुठे लिहिलंय, परत वाचा.

योजना भरपूर आहेत, हो, भरपूर आहेत. माझ्या भाच्याला अंजिराचा पल्प काढायचं छोटं युनिट टाकायचं होतं. केंद्राची छोट्या प्रक्रिया उद्योगांची योजना आहे, ३५ टक्के सबसिडी, जास्तीत जास्त १० लाख. पण ती कर्जाला जोडलेली, म्हणजे आधी बँकेने हो म्हणायला पाहिजे. बँकेने (नाव घेत नाही) तेच कागद तीनदा मागितले, मग साहेबांची बदली झाली, मग नवीन साहेबांनी पहिल्यापासून सुरू केलं. पोरगं आता चाकणला कॉन्ट्रॅक्टवर आहे.

निर्यातीचं म्हणाल तर डिसेंबर २०२३ ची कांद्याची निर्यातबंदी मलाही माहितीये. थेट खरेदीच्या पोस्टखाली कांदा का सोलायचा ते तेवढं कळलं नाही, त्यावर लिहीन कधीतरी.

आणि घरात एसी नाहीये. कूलर आहे, तोही रात्री एवढा आवाज करतो की बंदच ठेवतो.