थव्याला पुढारी नसतो हो!

तोच व्हिडिओ आज तिसऱ्यांदा आला. शेकडो मासे एका झटक्यात वळतात आणि खाली ओळ : 'नेता एक, बाकी डोळे मिटून मागे!' कोण लिहितं हे? आणि आपल्यातली शहाणी माणसं हात जोडून पुढे पाठवतात, याचा जास्त राग येतो.

व्हिडिओ जरा थांबवून बघा. वळायच्या आधी पुढे असलेला मासा वळल्यावर कुठे असतो? कडेला! पुढारीपण गेलं पाण्यात. प्रत्येक माशाचं लक्ष असतं फक्त आसपासच्यांवर. कुणी अंगावर आला तर मागे सरायचं, आपण लांब पडलो तर वेग वाढवून गाठायचं. कामाला डोळे आणि अंगाच्या दोन्ही बाजूंची पार्श्वरेषा, तिला पाण्याची हालचाल कळते. हुकूम कुणीच देत नाही.

आता २०११ चा जीवशास्त्रज्ञ इयन कझिन आणि सहकाऱ्यांचा प्रयोग घ्या. गोल्डन शायनर जातीचे मासे. सहा जणांना खाण्यासाठी निळ्या खुणेकडे जायला शिकवलं, पाच जणांना पिवळ्या. या माशांना पिवळ्याची मुळातच ओढ, म्हणून ते पाच जण हट्टी. एकत्र सोडल्यावर बहुतेक वेळा पाचांनी सहांना ओढून नेलं.

हो, मान्य, इथे हट्टी अल्पमत जिंकलं. भुकेले मासे पुढे सरकतात आणि पुढच्यांचं वजन जरा जास्त पडतं, हेही मान्य. पण प्रयोग तिथे संपत नाही ना!

त्याच सहा-पाचांत काहीच न शिकवलेले मासे घातले, आधी पाच, मग दहा. त्यांना ना निळ्याचं प्रेम, ना पिवळ्याचं. आणि पारडं फिरलं, थवा सहांच्या बाजूने जाऊ लागला. कारण कोरा मासा शेजाऱ्याचा हट्ट मोजत नाही, शेजारी किती जण कुठे चाललेत तेवढं बघतो. ज्यांना आपण 'डोळे मिटून मागे' म्हणून हिणवतो, त्यांनीच बहुमत वाचवलं. मला हे फार गोड वाटतं, खरंच.

आणि मागे जाणंसुद्धा आंधळं नाही. २००८ मध्ये स्टिकलबॅक माशांसमोर नकली मासा शिकाऱ्याच्या प्रतिकृतीजवळून ओढत नेला. एकटा मासा त्याच्या मागे गेला. गटातले गेले नाहीत. नकली मासे दोन-तीन झाल्यावर मात्र गटही हलला. एकाच्या वेडेपणावर जीव टाकायचा नाही, एवढी अक्कल त्यांना आहे. घोळ होतो तो दचकण्यात : एक जण उगाच दचकला तर कधी अख्खा थवा पळतो. पण खऱ्या शिकाऱ्याला उशिरा ओळखण्यापेक्षा तो घोळ स्वस्त.

तर पुढच्या वेळी तो व्हिडिओ आला की पाठवणाऱ्याला एवढंच विचारा : त्या सहा-पाचांतला नेता कोणता?