खुलासा : आल्प्सच्या तलावांतली ‘तरंगती गावं’

‘अश्मयुगीन माणसं तलावाच्या मधोमध, एकाच भल्यामोठ्या लाकडी मंचावर गाव वसवून राहत’ हा सध्या फिरणारा मजकूर बरोबर नाही. ही कल्पना 1854 ची, स्विस पुरातत्त्व-अभ्यासक फर्डिनांड केलर यांची. आदल्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या तलावाचं पाणी खूप उतरलं आणि काठावरच्या ओबरमायलेन गावाजवळ जुन्या घरांचे लाकडी खांब उघडे पडले. ते पाण्यात सापडले, म्हणून घरंही पाण्यावर, असा तर्क झाला.

प्रत्यक्षात बहुतेक घरं काठावरच्या दलदलीत, सुटी सुटी होती. तिथला चुनखडीचा गाळ इतका मऊ की खांब भाराने खचतो, म्हणून काही ठिकाणी खांबाला भोक पाडलेली आडवी फळी अडकवत, म्हणजे भार पसरतो. काही घरांची जमीन पुरापासून उंच होती, काहींची थेट मातीवर. इटलीतल्या फियाव्हेला मात्र काही घरं खरोखर पाण्यात उभी होती. सरसकट विधान म्हणूनच चुकतं.

खांबांची दाटी पाहून सगळं एकाच वेळचं मोठं गाव होतं, असंही समजू नये. ओल्या जमिनीत घर फार वर्षं टिकत नसे. त्याच जागी पुन्हा नवे खांब ठोकले जात. खोडातली वर्षवलयं जुळवून प्रत्येक झाड कधी तोडलं ते ठरवलं की एकमेकांत मिसळलेली, वेगवेगळ्या काळातली गावं वेगळी ओळखता येतात.