शाळेत आरोग्य शिबिर भरवायचंय? हे घ्या फुकटचे सल्ले

तुमचा वाढदिवस जवळ आला असेल, झेडपीचं तिकीट मागायचं असेल, किंवा मंडळाच्या खात्यात थोडे पैसे पडून असतील तर दुसरीकडं कुठं जाऊ नका, सरळ जिल्हा परिषदेच्या शाळेत 'भव्य मोफत आरोग्य तपासणी शिबिर' ठेवा. पोरं आयती बसलेली असतात, मास्तरांना नाही म्हणता येत नाही, आणि मायबाप केळीच्या कापणीवर गेलेले असतात. गेल्या आठवड्यात आमच्या गावात असंच एक झालं. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, सकाळपासून तिथंच होतो, त्यामुळं ऐकीव काही सांगत नाहीये.

आधी फ्लेक्स छापा, डॉक्टर नंतर शोधा. फ्लेक्सवर भाऊ, दादा, आबा, अप्पा, नाना सगळे आले पाहिजेत, एक जरी राहिला तर पुढच्या पंचायतीला महागात पडतं. डॉक्टरचं नाव अगदी खाली, मंडपवाल्याच्या नावाच्या शेजारी, बारीक अक्षरात. ते ज्या पोराला लांबून वाचता येईल त्याची नजर चांगली, म्हणजे तपासणी तिथंच उरकली.

शाळा व्यवस्थापन समितीला अजिबात विचारू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या बाया बसवल्यात, एवढ्या लोकांना विचारत बसलात तर एखादी बाई उठून म्हणेल, तपासल्यावर पुढं काय? तो प्रश्न आपल्याला नकोय. सह्या काय, नंतर पोरांच्या हाती रजिस्टर घरी पाठवून मिळतात, आमच्याकडं तशीच रीत आहे.

हँडवॉश स्टेशन भेट द्या, त्यात पाणी कुठून येणार ते विचारू नका.

उद्घाटनाची वेळ दहाची छापा आणि साडेबाराला या. मार्चातलं आपलं ऊन तुम्हाला माहितीच आहे, मंडपाचं कापड पाव्हण्यांच्या खुर्च्यांपुरतंच पुरतं, पोरं लेझीम घेऊन फाटकापाशी, पोरी औक्षणाची ताटं घेऊन त्यांच्या मागं, आणि खिचडी तयार असून वाढायची नाही कारण पाव्हणे यायच्या आत पंगत बसली तर मैदान घाण दिसतं. पाचवीतली एक पोरगी चक्कर येऊन पडली. शिबिरातला पहिला पेशंट शिबिरानंच तयार केला! डॉक्टरीणबाईंनी तिला सावलीत नेऊन ओआरएस पाजलं, आणि खरं सांगू, दिवसभरात तेवढाच एक इलाज पूर्ण झाला.

खाऊ म्हणून क्रीमची बिस्किटं वाटा. केळी चुकूनसुद्धा नको. रावेर-यावलची केळी ट्रक भरभरून दिल्लीला जाते, जळगावच्या केळीला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, भाव पडला की तीच केळी आपण ढोरांपुढं टाकतो, पण शाळेतल्या पोराच्या हातात केळं दिलं तर पाकिटावर नाव कसं छापणार? अंड्याचं तर नावच काढू नका. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं शाळेतल्या अंड्याचे वेगळे पैसे बंद केले आणि द्यायचं तर लोकसहभागातून द्या म्हणून सांगितलं. लोकसहभाग म्हणजे तुम्ही आम्हीच की. पण हार, शाल, फेटे आणि ड्रोनवाला यांच्यातच सहभाग संपतो.

हिमोग्लोबिन कमी दिसलं की लाल टॉनिकची बाटली द्या आणि फोटो काढा. शाळेत दर आठवड्याला लोहाची गोळी द्यायचा कार्यक्रम आहेच, लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी, ती खरंच पोटात जाते का हे बघायला कोणी येत नाही, त्यात फोटो नाही ना. आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर, भिल्ल-पावरा पोरांत सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, असतो हे नंदुरबारपासून चोपड्यापर्यंत सगळ्यांना माहितीये, तिथं रक्त कमी असायचं कारण वेगळं असू शकतं, टॉनिकनं ते जाणार नाही. सिकलसेल निर्मूलनाचं देशाचं मिशन २०२३ पासून चालू आहे, तपासणी फुकट आहे. पण 'सिकलसेलची तपासणी करायला तालुक्याला न्या' हे वाक्य फ्लेक्सवर बसत नाही.

आता मुख्य सल्ला, चिठ्ठीचा. प्रत्येक पोराला एक चिठ्ठी द्याच. आमच्या शेजारच्या पोराला मिळाली, 'दृष्टी कमी, नेत्रतज्ज्ञास दाखवावे', खाली गिचमिड सही, मागच्या बाजूला भाऊंचा फोटो. हे पोरगं वर्षभर बाजूच्याच्या वहीतून उतरवून घेतंय आणि मास्तर त्याला कॉपी करतो म्हणून मारतात. त्याचा बाप केळी कापायला जातो, तालुक्याला जायचं म्हणजे रोज बुडाला, गेल्यावर कळणार डोळ्यांचे डॉक्टर आज नाहीत, म्हणजे अजून एक रोज बुडाला. त्याची आजी मंडपातच भाऊंच्या माणसाला विचारत होती, "भाऊ, चष्मा कवय भेटी?" तर तो म्हणे, "आजी, पुढच्या टप्प्यात." कोणता टप्पा? तुमच्या शिबिराला टप्पा एकच असतो, फेसबुकवर टाकायचा!

आणि गंमत म्हणजे तपासणी हवीच कोणाला होती? २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक गाडी घेऊन शाळेत येतं, दोन डॉक्टर, फार्मासिस्ट, नर्स असं. वर्षातून एकदा पोरं तपासायची आणि ज्याला गरज आहे त्याला पुढं रुग्णालयात पाठवायचं हेच त्यांचं काम, हृदयाचं ऑपरेशनसुद्धा त्यातून फुकट होतं. त्यांच्याही चिठ्ठ्या पोरांच्या दप्तरात चुरगळून पडल्यात, का तर पोराला घेऊन जाणारं कोणी नाही. म्हणजे एकाच पोराची तीच नजर दोनदा कमी भरली आणि चष्मा एकदाही नाही आला.

बास झालं आता सल्ले. अरे, लाज कशी वाटत नाही तुम्हाला? मिरवणुकीला गाड्यांची लाइन लागते, पेट्रोल पंपावर तुमचं खातं असतं, आणि चिठ्ठीवाली पोरं तालुक्याला न्यायला एक जीप निघत नाही? तपासायला लोक आहेत, औषधं आहेत, कमी आहे ती गाडीची, सोबत जाणाऱ्या माणसाची आणि बापाच्या बुडालेल्या रोजाची. तेवढं करा, नाहीतर शाळेत येऊ नका, पोरांना वेळेवर खिचडी तरी खाऊ द्या. आणि आम्ही समितीवालेही काय दिवे लावतोय, घरी रजिस्टर आलं की न वाचता सही ठोकतो. यापुढं ठरावात लिहून घ्यायचं, नुसत्या तपासणीला परवानगी नाही, चष्मा कधी देणार, कोण नेणार, ते आधी लिहून द्या आणि मग मंडप टाका.

चिठ्ठीवाल्या पोरांची यादी मुख्याध्यापकांकडं आहे. झेरॉक्स माझ्याकडंही आहे. ज्या कोणाला खरंच समाजसेवा करायचीये त्यानं सोमवारी सकाळी आठला शाळेच्या फाटकाशी गाडी आणावी. फेटा बांधून येऊ नये.