यंदा डिसेंबरात मुंबईत काहीतरी हटके करा

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आतेभाऊ न चुकता एक वाक्य टाकतो, ‘यंदा थर्टी फर्स्टला काहीतरी हटके करू या हं.’ त्यावर अठ्ठावीस अंगठे उमटतात. आणि एकतीस तारखेला आम्ही सगळी हटके मंडळी खंडाळ्याच्या घाटात एकामागे एक उभी असतो. पुढच्या गाडीच्या काचेवरचं ‘आई-बाबांचा आशीर्वाद’ वाचत. दोन वर्षांपूर्वी मी ते इतका वेळ वाचलं की त्या आई-बाबांशी माझा घरोबाच झाला.

तुमच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून हे काही सल्ले. अट एकच, मुंबई सोडायची नाही.

सुरुवात कागदपत्रांपासून करू. एकतीस डिसेंबरला दारू पिणं यात हटके असं काहीच नाही. परवाना काढून पिणं हे मात्र खरोखर हटके. आपल्या राज्यात १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा अजून शाबूत आहे, आणि त्यानुसार घोट घेणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. एका दिवसाचा काढता येतो. देशीसाठी २ रुपये, विदेशीसाठी ५. दुसरीकडे हेच सरकार २४, २५ आणि ३१ डिसेंबरला बार पहाटे पाचपर्यंत उघडे ठेवायला मुभा देत आलं आहे. एका हातात दारूबंदी, दुसऱ्या हातात बर्फाचं भांडं, आणि चेहरा गंभीर.

तर यंदा हे करून बघा. टेबलावर बसलात की वेटरला म्हणा, ‘भाऊ, आधी परवान्याचं बघू, मग चकली.’ तो तुमच्याकडे असं बघेल की जणू तुम्ही मसाला पापडाचं आरोग्य प्रमाणपत्र मागितलंय. मग मॅनेजर येईल. तुम्ही साध्या वेशातले इन्स्पेक्टर आहात अशी त्याची खात्री पटेल, आणि काजू फुकट येतील. मग खणातून पावतीपुस्तकासारखं काहीतरी निघेल. त्यावर स्वच्छ अक्षरात सही करा. आणि हो, बिअर-वाइनला वय २१ लागतं, कडक मालाला २५. मुलाच्या लग्नाला २१ पुरतात. व्हिस्कीसाठी चार वर्षांची जादा समज लागते, असा कायदेमंडळाचा एकूण अनुभव दिसतो.

आता थंडी. मुंबईत २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला होता. त्या एका दिवसाच्या जोरावर आपण अजून कपाटात माकडटोप्या बाळगून आहोत. अठरा अंश झाले की सोसायटीचा वॉचमन शेकोटी पेटवतो आणि काका लोक ‘महाबळेश्वर झालंय’ म्हणत खाली उतरतात. खात्रीची थंडी हवी असेल तर भायखळ्याला राणीच्या बागेत जा. तिथले पेंग्विन काचेमागे सोळा-अठरा अंशांत राहतात. त्यांतले पहिले २०१६ साली दक्षिण कोरियाच्या सोलहून आले. जातीने हम्बोल्ट, म्हणजे मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्याचे. बर्फाशी त्यांचं काडीचं नातं नाही, तरी प्रत्येक बाप पोराला उचलून ‘बघ बघ, बर्फातला पक्षी’ सांगत असतो. तुम्हीही तेच सांगा, पण बाहेर पडायची घाई नका करू. काचेला गाल लावला की गार लागतं. फक्त बुधवारी जाऊ नका, त्या दिवशी बाग बंद असते आणि थंडीही.

रविवारचा मेगाब्लॉक हा बारमाही सण आहे, त्यामुळे त्यावर शाई घालवत नाही. एवढंच सांगतो की त्या दिवशी लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा म्हणून टेकलेल्या माणसाशी जितकी जवळीक होते, तितकी सख्ख्या मेहुण्याशी होत नाही. पूल बघायची हौस असेल तर अंधेरीला जाऊन या. २०२४च्या फेब्रुवारीत तिथे गोखले पुलाची नवी बाजू मोठ्या थाटात खुली झाली, आणि शेजारचा बर्फीवाला पूल तिच्याहून दीड-दोन मीटर खालीच राहिला असल्याचं सगळ्यांच्या लक्षात आलं. पुढे जॅक लावून तो उचलला, जोडला. आता बघण्यासारखं काही उरलं नाही, हेच वाईट.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात गिरगावात खोताच्या वाडीत जायलाच हवं. सगळे जातात, म्हणून तर ते हटके. लाकडी जिने, रंगीत खिडक्या, दारात टांगलेले कागदी तारे. इथल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या मुंबईकर ख्रिस्ती, मंडळींनी हे नाव घेतलं १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याची पन्नास वर्षं साजरी होत होती तेव्हा. नावात पूर्व, घर पश्चिम किनाऱ्यावर, तोंडात मराठी. एवढं सगळं एका माणसात मावतं, पण ते फोटोत येत नाही, म्हणून तुम्ही त्याच्या नादी लागू नका. तुम्ही दार बघा.

गेल्या वर्षी मी तिथे उभा होतो. ओट्यावर एक म्हातारी बाई नाताळच्या फराळातले कुलकुल वळत बसल्या होत्या. पिठाची गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची, अंगठ्याने पुढे सरकवायची, की तिचा छोटा शंख होऊन ताटात पडतो. तीस-चाळीस शंख झाले असतील. तेवढ्यात एक मुलगी आली, लाल टोपी घातलेली, सोबत फोटो काढणारा मित्र. दोन मिनिटं अंदाज घेऊन ती गोड आवाजात म्हणाली, ‘आंटी, जरा बाजूला व्हाल का? दार खूप छान आहे.’ बाई म्हणाल्या, ‘बाळा, दार माझंच आहे,’ आणि पुढची गोळी उचलली. मुलगी हिरमुसली. बरोबरच आहे. इतक्या लांबून यायचं, आणि घरात माणसं निघायची!

माहीमला मात्र फोटोची चिंता नाही, तिथे गर्दीत हात वरच जात नाही. सूफी संत मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्याचा मेळा डिसेंबरातच भरतो आणि पहिली चादर मुंबई पोलिसांची असते. ही रीत इंग्रजांच्या काळापासूनची. वर्षभर ‘चला, चला, पुढे चला’ म्हणत आपल्याला हाकणारे पोलीस स्वतः मिरवणुकीत शांतपणे चालताना बघायचे असतील तर दुसरी संधी नाही. त्यांना ‘चला, चला’ म्हणायचा मोह आवरा.

एकतिसाच्या रात्री वांद्र्याच्या गल्ल्यांत जुन्या कपड्यांत गवत कोंबून केलेला म्हातारा जाळतात. म्हातारा म्हणजे सरतं वर्ष. आधीचे काही दिवस पोरं त्याला खुर्चीवर बसवून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून पैसे मागतात. पैसे देऊ नका, कपडे द्या. गेल्या जानेवारीत घेतलेला, घडीही न मोडलेला ट्रॅकसूट तुमच्या कपाटात आहे, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. बूटही द्या. म्हातारा निदान एक रात्र तरी व्यायामाच्या पोशाखात काढेल.

पण मला विचाराल तर बारा वाजता सीएसएमटीच्या फलाटावर उभे राहा. तिकीट दहा रुपयांच्या आसपास, पोशाखाची अट नाही. मरीन ड्राइव्हवर लाखभर माणसं एकमेकांच्या पाठी बघत असतात, तेव्हा इथे बाकावर दोन-चार जण, एक झोपलेला हमाल आणि झाडूवाली बाई. घड्याळात बारा झाले की उभ्या असलेल्या लोकलचे मोटरमन भोंगे वाजवायला लागतात. आधी एक, मग शेजारची, मग सगळ्याच. तिकडे बंदरातली जहाजंही सुरू झालेली असतात. छतावरची कबुतरं उठतात. झाडूवाली बाई मागच्या खेपेला हसत झाडू टेकवून उभी राहिली होती. भोंगे थांबले तेव्हा तिने पुन्हा झाडायला घेतलं. घरी जायची काळजी नको, दीडच्या सुमाराला खास लोकल असते.

भोंगे चालू असतानाच आतेभावाचा फोन आला होता. ‘हॅपी न्यू इयर! आम्ही अजून अमृतांजन पुलापाशी!’ खंडाळ्याच्या घाटातला तो पूल २०२० सालीच पाडला, पण अडकायला तो अजून उपयोगी पडतो. मी म्हटलं, ‘ऐक, काय हटके आहे बघ,’ आणि फोन लोकलच्या दिशेने धरला.

‘ऐकू येत नाही रे,’ तो ओरडला. त्याच्याकडेही भोंगेच वाजत होते.