खुलासा: बुझाकी, नोबेल आणि ‘थीटा संगीत’

सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय: ‘मेंदूच्या लहरींवर नोबेल मिळवणारे डॉ. बुझाकी सांगतात, झोपताना थीटा लहरींचा ऑडिओ लावा, पाठांतर विसरणार नाही.’ काल शेजारच्या टेबलावरचा मुलगा कानात इअरफोन घालून राज्यघटनेवर डोकं टेकून झोपलेला दिसला, म्हणून हे लिहितोय.

ग्यॉर्गी बुझाकी मूळचे हंगेरीचे, आता न्यूयॉर्क विद्यापीठात. माणूस खरा, काम मोठं, पण नोबेल नाही. २०११ मध्ये त्यांना ‘ब्रेन प्राइझ’ हा मेंदू-संशोधनाचा पुरस्कार मिळाला, तोही तमाश फ्रॉइंड आणि पीटर शोमोजी यांच्यासोबत. हिप्पोकॅम्पस म्हणजे मेंदूतला आठवणींशी जोडलेला भाग; बुझाकींचं कामही तिथलंच. त्यावरच्या कामाला २०१४ चं नोबेल मिळालं ते जॉन ओकीफ आणि मोझर पती-पत्नींना. गल्लत बहुधा तिथेच झाली.

आता थीटा, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा एक प्रकार. उंदीर हुंगत फिरत असतो तेव्हा ही लहर जोरात दिसते. गाढ झोपेतले तरंग वेगळेच: सेकंदाला दीडशे-दोनशे आंदोलनं, आणि सगळा खेळ सेकंदाच्या दहाव्या भागात आटोपतो. तेवढ्यात उंदराचा मेंदू दिवसभरात तुडवलेली वाट भराभर गिरवतो. २००९ च्या एका प्रयोगात (बुझाकी त्यात सहलेखक) हे तरंग उठताक्षणी मोडले, तर उंदीर शिकण्यात मागे पडले. ऑडिओ कुणी ऐकवला नव्हता.

शिवाय थीटा म्हणजे सेकंदाला सहा-आठ आंदोलनं. वीसच्या खालचं आपल्या कानाला ऐकूच येत नाही. मग त्या फाइलमध्ये आहे काय? मी लावून बघितली. तंबोऱ्यासारखी घूंघूं, आणि मध्येच क्लासची जाहिरात.